मास्तर एकदाच करून दाखवतो

मास्तर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने मला बरणी म्हटलं. ओळख ना पाळख. मी दारातून आत आले, त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाकीच्यांना म्हणाला, "ही बघा, बरणी आली. झाकणासकट." झाकण म्हणजे माझा अंबाडा. खोलीतली दोन्ही माणसं हसली नाहीत, कारण त्यांची नावं आधीच पडून गेली होती. एक पोतं आणि एक कासव. मास्तर वयाने मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे. इथे करणार नाही.

खोली हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे मोडक्या खाटा ठेवत, त्यांच्या गंजलेल्या पायांचे डाग फरशीवर तसेच होते. एका भिंतीला आरसा, जागच्या जागी मारायच्या दोन सायकली, बिनहाताच्या पाच-सहा खुर्च्या आणि कोपऱ्यात दोन नारंगी प्लास्टिकचे शंकू. पोट उघडायची वेळ आलेली माणसं तिथे दिवसाआड जमायची. कोणाच्या आतड्याला गाठ, कोणाच्या जठराला. गाठ काढायच्या आधी माणूस घट्ट करायचा, असा तो वर्ग होता.

आमच्या सर्जनबाई कमी बोलायच्या आणि बोलायच्या ते टोचायचं. मला म्हणाल्या, "गाठ मी काढीन. पण नंतर खाटेवरून उठायचं काम तुमचं. ते मला जमणार नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. एवढं मोठं ऑपरेशन म्हणजे अंगाला लांबची शर्यत पळायला लावणंच. पोटाला टाके असले की खोल श्वास घेताना दुखतं, म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. छातीच्या तळाशी कफ साचतो, त्याचा न्यूमोनिया होतो. पायात जोर नसलेला माणूस उठत नाही, आणि उठला नाही की छाती आणखी भरते. तेव्हा आधीच दम कमवा, पाय कमवा, मग या. मी बायकांचे कपडे शिवते. माझी शर्यत म्हणजे मशीनपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत.

मास्तर एका शाळेत आयुष्यभर पी.टी. शिकवून निवृत्त झालेला. पांढरे बूट, निळी ट्रॅकपँट, तिला कडक इस्त्री, गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी. पाठ ताठ, छाती बाहेर. तो उभा राहिला की वाटायचं, हा चुकून रोग्यांच्या रांगेत आलाय. पण गाठ त्यालाही होती, आमच्यासारखीच, आणि फुंकायच्या तपासणीत त्याचा दम आमच्या सगळ्यांत वाईट निघाला होता. म्हणून तर तयारीला त्याला सगळ्यांत जास्त अवधी दिला होता. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. ती बाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली आणि नॅपकिन घेऊन बसायची. नॅपकिन रोज कोरडाच घरी जायचा.

वर्ग घेणारी फिजिओ म्हणजे कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली पोरगी. दोन मजल्यांवरचे रोगी एकटीच्या गळ्यात. पहिल्याच दिवशी तिने मास्तरची शिट्टी पाहिली आणि तिला हायसं वाटलं. "सर, तुम्ही तर यातलेच. जरा पुढे उभं राहून दाखवाल का सगळ्यांना?"

दाखवेन का! मास्तर खुर्ची ओढून पुढे बसला. "हात छातीवर. टाचा जमिनीला. पाठ सरळ. उठ. बस." करून दाखवलं ते इतकं सुबक की मी बघतच राहिले. मांडीला हात नाही, तोंडातून हुंकार नाही. मग शिट्टी वाजली आणि आम्ही सुरू झालो. थोड्या वेळाने कासवाने, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या वाकलेल्या म्हाताऱ्याने, धापा टाकत विचारलं, "आणि मास्तर, तुम्ही?"

"मास्तर एकदाच करून दाखवतो," तो म्हणाला. "पोरं शंभरदा करतात. शाळेत कधी गेला होतास का?"

त्या दिवसापासून वर्ग त्याचा झाला. फिजिओ यायची, हजेरी घ्यायची आणि वरच्या मजल्यावर पळायची. एक शिट्टी म्हणजे सुरू. दोन शिट्ट्या म्हणजे थांबा. आणि बोट वर करून हवेत गोल फिरवलं की आणखी एक फेरी. ते बोट मला अजून स्वप्नात दिसतं. दम संपला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आता दुसरी शिट्टी होणार म्हणून आशेने बघावं, तर बोट वर.

पोतं म्हणजे बँकेतला कॅशियर, चाळिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप. तो मास्तरचा शाळेतलाच विद्यार्थी निघाला. पोतं हे नाव त्याला बाराव्या वर्षी मास्तरनेच दिलेलं. मध्ये तो शिकला, नोकरीला लागला, लग्न झालं, सगळे साहेब म्हणायला लागले, आणि पोटात गाठ आली म्हणून या खोलीत पाऊल टाकलं तर समोर तोच माणूस, तीच शिट्टी. "पोत्या! अजून सांडतोसच का रे?" कॅशियर मला नंतर म्हणाला, गाठ आहे हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पाय कापले नव्हते, ते तेव्हा कापले.

एकदा सायकलवर त्याला उलटी झाली. मास्तरने कोपऱ्यातलं फरशी पुसायचं फडकं आणून त्याच्या हातात दिलं. "पूस. वाकून पुसणं हासुद्धा व्यायामच आहे." कॅशियरने पुसलं. पुसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मास्तर वरून सांगत होता, "गुडघ्यात वाक, गाढवा, कमरेत नाही." मी म्हटलं, "मास्तर, माणूस आजारी आहे हो." त्यावर उत्तर आलं, "बरणी फुटली तरी चालेल, पण बसायचं नाही. चल, तुझी दहा जास्त." मी दातओठ खात ती दहा काढली. मनातल्या मनात त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत, आणि त्यांच्या तालावर माझी उठबस छान व्हायची.

राग येतो तो याचा की त्याचा उपयोग झाला. पूर्वी माझ्या घराचे जिने चढताना मी प्रत्येक वळणावर थांबून, भाजीची पिशवी ठेवून, शेजारणीची चौकशी केल्याचं नाटक करायचे. एक दिवस लक्षात आलं की मी थेट दारात पोहोचले आणि शेजारीण मागून विचारतेय, काय ग, रुसलीस का? कासव तर ताठ झाला. त्याचा मुलगा म्हणाला, बाबा एवढे उंच आहेत हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आणि मास्तर? मी शिवणारी बाई. माणसाच्या तोंडाआधी माझं लक्ष त्याच्या कपड्यांकडे जातं. खुर्चीवरून उठबस करणाऱ्याच्या पँटचे गुडघे दोन दिवसांत फुगतात. आमचे फुगले होते. मास्तरची इस्त्रीची घडी कमरेपासून बुटापर्यंत सुतासारखी सरळ. काखेत घामाचा डाग नाही. नळीने श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं एक खेळणं आम्हा सगळ्यांना दिलं होतं, आमची नळी चावून चावून पांढरी पडली होती. त्याचं अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं, लेबलासकट. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. कोरडा पाषाण असा जवळून त्या खोलीत पाहिला.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "मास्तर, तुमच्या पँटची घडी कशी मोडत नाही? ऑपरेशन आमचं आहे की तुमचंसुद्धा?"

कॅशियरची सायकल थांबली. मास्तर माझ्याकडे बघत राहिला आणि एक क्षण त्याच्या तोंडावर असं काही आलं की मला वाटलं, आता हा खरं बोलणार. मग त्याने शिट्टी तोंडात धरली, एकदा वाजवली आणि बोट वर करून हवेत गोल फिरवलं. माझ्याकडे बघत. मी मुकाट्याने फेरीला निघाले. सवय वाईट.

शेवटी सगळ्यांची चालण्याची परीक्षा झाली. बोळात दोन टोकांना ते नारंगी शंकू, मध्ये जितक्या होतील तितक्या फेऱ्या, सहा मिनिटं. आमची झाली. मास्तरचा नंबर शेवटचा. फिजिओने घड्याळ सुरू केलं आणि तो निघाला, परेडला निघावा तसा. पहिली फेरी बघण्यासारखी होती. दुसऱ्या फेरीच्या मध्यात तो माझ्या जवळून गेला तेव्हा मला त्याच्या ओठांच्या कडा जांभळट दिसल्या आणि नाकपुड्या फुललेल्या. तेवढ्यात त्याला भिंतीला टेकलेली एक नवीन बाई दिसली. बुडत्याला काडी मिळावी तशी ती त्याला मिळाली. तो थांबला, शिट्टी फुंकली. "भिंत पडणार आहे का? मग सोड तिला! पाठीला कणा दिलाय देवाने, तो कशाला?" त्या बिचारीला उभं कसं राहायचं ते सांगण्यात उरलेली मिनिटं गेली. सांगता सांगता त्याचा श्वास जागेवर आला.

फिजिओ हसायला लागली. "सर, तुमचं राहिलंच की."

"माझं काय बघतेस पोरी? हयात मैदानावर गेली."

वरून तिला हाक आली आणि ती पळाली. पुढे सर्जनबाईंनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, सर तर आमचा वर्गच चालवतात, एक दिवस चुकले नाहीत. यात खोटं काहीच नव्हतं. फुंकायची तपासणी पुन्हा झाली, तिच्यात सुधारणा दिसेना. बाईंनी भुवई वर केली. "व्यायाम करता ना?" मास्तर म्हणाला, "कोणालाही विचारा." गाठ आणखी थांबणार नव्हती. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. दमाचंही येत नाही, पण ते कळायला पोट फाडावं लागतं.

घरचा व्यायाम कसा चालायचा तेही ऐका. बागेत रोज फिरायचं, असं त्याला सांगितलं होतं. दोघं नवरा-बायको सकाळी बागेत जायची. मास्तर बाकावर बसायचा आणि बायकोला चालायला लावायचा. "तू पुढे हो, मी वेग बघतो." ती फेरी मारून आली की बोट वर. मास्तरीणबाई हे मला हसत हसत सांगत होत्या. "माझे गुडघे धरले होते हो, आता एकदम मोकळे झालेत. ह्यांचं लक्ष असतं ना." मी त्यांच्याकडे बघितलं. ही बाई भोळी आहे की बेरकी, मला तेव्हा कळलं नाही.

माझं ऑपरेशन मास्तरच्या आधी झालं. शुद्धीवर आले तेव्हा पोटात कोणीतरी गरम इस्त्री ठेवून विसरल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, उठून खुर्चीत बसायचंय. मी म्हटलं, मी मेले तरी उठणार नाही. तेवढ्यात दारातून शिट्टी. सगळा वॉर्ड दचकला. मास्तर पांढऱ्या बुटांत उभा. "ए बरणी! पाय खाली!" सिस्टर त्याच्या अंगावर धावून गेली, हे काय मैदान आहे का म्हणून. पण माझे पाय तोवर खाली आले होते. माझं मलाच कळलं नाही. त्याने उशी माझ्या पोटावर दाबून धरायला लावली. "घट्ट धर. नाकाने आत. आणखी. अजून बरणी अर्धीच भरलीय. आता खोक." मी खोकले. जीव जातो की काय असं दुखलं, मी रडले, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो म्हणाला, "रड, पण खोकत रड." छातीतला कफ सुटला. ठरल्यापेक्षा आधी मी घरी गेले. कॅशियरही गेला, कासवही गेला. आम्ही तिघं आज जिवंत आहोत याला त्या माणसाचं तोंड कारण आहे, आणि हे कबूल करताना माझं तोंड कडू होतं.

मग त्याचं ऑपरेशन झालं. गाठ स्वच्छ निघाली. सर्जनबाईंनी आपलं काम चोख केलं, आता उठायचं काम त्याचं होतं.

मी टाके दाखवायला गेले होते म्हणून वर डोकावले. मास्तर खाटेवर उशांना टेकलेला, तोंड मातकट. शेजारच्या खाटेवर एक पोरगेलासा माणूस, त्याचंही पोटाचंच ऑपरेशन. आणि मास्तर त्याला शिकवत होता! "उशी घट्ट धर. नाकाने आत. आणखी..." वाक्याच्या मध्ये त्याला थांबून श्वास घ्यावा लागत होता, इतका तोकडा की तो छातीपर्यंतही पोहोचत नव्हता. "आता खोक." तो माणूस खोकला. मास्तरने मान डोलावली आणि स्वतः घशातल्या घशात खाकरला, पाहुण्यांसमोर खाकरावं तसा. त्याची स्वतःची उशी पायाशी पडली होती.

मी ती उचलून त्याच्या पोटावर ठेवली. "आता तुम्ही."

"मास्तर..." तो म्हणाला.

"एकदाच करून दाखवतो, ठाऊक आहे. ते एकदा तरी दाखवा."

त्याने उशीवर हात ठेवले, श्वास ओढायचा प्रयत्न केला. अर्ध्यात कळ आली आणि त्याने सोडून दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या." खाटेशी खुर्ची ठेवलेली होती, बिनहाताची, आमच्या वर्गातल्यासारखीच. फिजिओ आली, तिने एका बाजूने धरलं, सिस्टरने दुसऱ्या. त्याचे पाय जमिनीला लागले आणि गुडघे कापडासारखे मुडपले. दोघींनी त्याला परत आडवा केला. ती पोरगी मागे वळली तेव्हा रडत होती. तिला आता सगळं कळलं होतं आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

शेजारचा माणूस घरी गेला. मास्तरच्या छातीचा तळ भरला. ताप चढला, न्यूमोनिया झाला, त्याला काचेपलीकडच्या खोलीत नेऊन श्वासाचं मशीन लावलं. आता मशीन त्याला शिट्टीच्या तालावर श्वास घ्यायला लावत होतं आणि तो नाही म्हणू शकत नव्हता. बऱ्याच दिवसांनी नळी काढून त्याला एका बाजूच्या खोलीत आणला. तेव्हा त्याच्या मांड्या माझ्या दंडाएवढ्या राहिल्या होत्या.

मास्तरीणबाईंनी मला फोन केला. "या हो. ह्यांना कोणीतरी ओरडणारं माणूस पाहिजे." मी कॅशियरला घेऊन गेले. कॅशियर दाराशीच थांबला. म्हटलं, "चला आत." तो म्हणाला, "मास्तरला असं आडवं पडलेलं बघायला मी आयुष्यभर थांबलो होतो. आता बघवत नाही." तो बाहेरच जिन्यावर बसून राहिला. साहेब माणूस, शर्टाच्या बाहीने नाक पुसत.

खोलीत आम्ही दोघीच बायका. मास्तर डोळे मिटून पडलेला, श्वास घशातच घुटमळत होता. मास्तरीणबाई हळू आवाजात बोलायला लागल्या. म्हणाल्या, "एक सांगू? ह्यांना कधीच पळता येत नव्हतं. लहानपणी दम लागायचा. पोरं हसायची, पळताना पडले की अंगावरून उड्या मारून जायची. मग त्यांच्या मास्तरांनी एक दिवस शिट्टी हातात दिली. म्हणाले, तू पळू नकोस, तू शिट्टी वाजव. ह्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, लग्न झाल्यावर. म्हणाले, तेव्हाच कळलं, शिट्टी ज्याच्या तोंडात असते त्याला कोणी पळ म्हणत नाही."

मला दया यायला हवी होती. आली, खोटं कशाला बोलू. पण तिच्या आधी राग आला. दम लागणारं पोर मोठं झालं आणि दम लागणाऱ्या पोरांना ओकेपर्यंत पळवत राहिलं. कॅशियरच्या हातात फडकं देताना त्याला काय आठवत असेल? की काहीच नाही?

मास्तरीणबाईंनी पर्स उघडली आणि पितळी शिट्टी काढली. मी म्हटलं, "अहो, सिस्टर ओरडेल." त्यांनी ऐकलं नाही. तोंडाला लावून एकदाच वाजवली, मोठ्याने नाही, पण नेमकी. "अहो, उठा. पाय खाली."

मास्तरचे डोळे उघडले. चादरीखाली काहीतरी हललं, टाचा गादीवर घासल्या. त्याने खरंच प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगते. त्याच्या आयुष्यातला तो पहिला खरा व्यायाम असेल. गळ्याच्या शिरा वर आल्या, कपाळावर घाम फुटला. इतके दिवस मी ज्या घामाची वाट बघत होते तो. पाय उचलले गेले नाहीत.

"अजून," बाई म्हणाल्या. आवाज अगदी त्याचाच. "बसायचं नाही. उठा." पुन्हा शिट्टी. त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि मला एकदम कळलं की ही बाई भोळी नाही. तिला तो जगायला हवा होता आणि त्याला असं झालेलं बघायलाही हवं होतं, दोन्ही एकाच वेळी. इतकी वर्षं त्याच्या बोटावर फिरलेली बाई होती ती.

मास्तर थकून मागे पडला. मग त्याचा उजवा हात चादरीवरून उचलला गेला आणि त्याने एक बोट वर करून हवेत गोल फिरवलं. बायकोकडे बघत.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मला वाटलं, आता ही बाई शिट्टी त्याच्या तोंडावर फेकून मारेल. मी असते तर मारली असती. तिने शिट्टी पर्समध्ये ठेवली, पदर खोचला, उठली आणि दाराबाहेर गेली. मी मागोमाग गेले. ती बोळात चालत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपर वाकवलेले, पाठ सरळ, टाच आधी, शिकवल्याबरहुकूम. खाटेवरून त्याला ती दारावरून जाताना दिसत असावी, कारण प्रत्येक वेळी दारासमोर ती जरा जास्त ताठ व्हायची. फेरी संपली तरी ती थांबली नाही. थांबायच्या दोन शिट्ट्या वाजवायला आता कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गेला. सर्जनबाई आम्हाला म्हणाल्या, "गाठ पूर्ण निघाली होती." त्या चिडलेल्या होत्या आणि कोणावर चिडायचं हे त्यांना कळत नव्हतं.

आता मी आणि मास्तरीणबाई बागेत जातो. कॅशियर येतो कधीमधी. परवा तिसऱ्या फेरीला बाई म्हणाल्या, "तू हो पुढे, मी जरा टेकते. इथूनच बघते तुझा वेग," आणि त्याच बाकाकडे वळल्या. मी त्यांचा दंड धरला आणि ओढलं. त्या म्हणाल्या, "अगं, पाय दुखतात माझे. निर्दयी आहेस तू." मी म्हटलं, "असू दे. चला." त्या माझ्या नावाने बडबडत चालायला लागल्या आणि बाक मागे पडला.